निकाल उद्या

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, हे आधीच सांगून ठेवते. माफी असावी. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. त्यानंतर मी लिहिलं ते म्हणजे वाण्याच्या याद्या, आईला चार-पाच पत्रं, आणि डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते अजून कळत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी माफी मागून घेतली की हात जरा मोकळा होतो.

आज सकाळी एक माणूस आला आणि त्याने खालच्या दाराशेजारची जज्जसाहेबांच्या नावाची पितळी पाटी काढली. चार स्क्रू होते. पाटीखालची भिंत तेवढीच स्वच्छ राहिली आहे. मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी होते. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाटी खिशात टाकून गेला. वर येऊन मी कांदे चिरायला घेतले, पण मन लागेना. म्हणून लिहायला बसले.

आम्ही द हेगमध्ये राहतो. यजमान स्वयंपाकी आहेत. पुण्यातल्या हॉटेलातून इथल्या एका भारतीय हॉटेलात आले आणि दोन वर्षांनी मला बोलावून घेतलं. मुलगी पुण्याला नर्सिंग शिकते. मी घरून डबे करते. आमच्या इमारतीत तीन घरं. वर रिया नावाच्या डच बाई, मध्ये आम्ही, आणि खाली जज्जसाहेब. हे नाव यजमानांनी ठेवलेलं. जज्जसाहेब अमेरिकेत पुष्कळ वर्षं न्यायाधीश होते. त्यांच्या पत्नी इथल्या, द हेगच्या, म्हणून निवृत्त झाल्यावर दोघं इथे येऊन राहिले. आम्ही आलो तेव्हा त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती.

जज्जसाहेब ऐंशीच्या पुढचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला एकच तपकिरी स्वेटर बारा महिने. पेन्सिलीला टोक काढायचे ते खिशातल्या चाकूने, आणि साल एका कपात जमा करायचे. या देशात पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सायकलवर, पण हे सगळीकडे पायी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गुडघे." मला ते खरं वाटलं नाही, कारण गुडघे दुखणारा माणूस समुद्रापर्यंत चालत जाऊन परत येत नाही.

आमचं बोलणं म्हणजे मोडकं इंग्रजी, थोडं डच आणि बाकी हातवारे. इथे मी ते सगळं माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यांचे दोन शब्द मात्र मी पहिल्या आठवड्यात शिकले. काहीही सांगितलं की ते विचारायचे, "दुसरी बाजू?" आणि ती सांगितली की म्हणायचे, "नोंद केली." मी म्हणायचे, आज फार वारा आहे. "दुसरी बाजू?" मी म्हणायचे, कपडे लवकर वाळतील. "नोंद केली." एवढं होऊन आम्ही आपापल्या वाटेने जायचो.

पहिली ओळख भांडणातून झाली. माझ्या फोडणीचा वास वर जायचा आणि रियाबाईंच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरींना लागायचा. त्यांनी दारावर चिठ्ठी लावली. मला ती वाचता आली नाही, पण शेवटी तीन उद्गारचिन्हं होती ती कळली. दोन दिवस मी घाबरून नुसती खिचडी केली. तिसऱ्या दिवशी जज्जसाहेबांनी दोघींना जिन्यात बोलावलं. स्वतः एक खुर्ची घेऊन आले, हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "प्रत्येकीला पाच मिनिटं. एक बोलत असताना दुसरीने बोलायचं नाही."

रियाबाई चार मिनिटं बोलल्या. मग माझी पाळी. माझ्या पाच मिनिटांत मी फक्त एवढंच म्हटलं की जिऱ्या-मोहरीशिवाय डाळ कशी करायची. बाकी वेळ आम्ही तिघं गप्प बसून राहिलो. ते घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली तेव्हाच उठले.

"निकाल?" रियाबाईंनी विचारलं.

"निकाल उद्या," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

सकाळी दोन्ही दारांखालून टाइप केलेला कागद आला. रियाबाई सोमवारी आणि गुरुवारी कपडे वाळत घालतील, त्या दिवशी मी तळण करणार नाही. फोडणीच्या वेळी मी जिन्याकडचं दार बंद आणि मागची खिडकी उघडी ठेवीन. रियाबाई चिठ्ठी लावणार नाहीत, दार वाजवतील. आणि शेवटी एक ओळ होती, ती रियाबाईंनी मला हसत हसत समजावली. खालच्या मजल्यावरच्या रहिवाशाला हा वास फार आवडतो, तेव्हा न्यायाधीश पूर्ण निःपक्षपाती नव्हता हे नोंदवून ठेवण्यात येत आहे.

वास आवडतो म्हणतात म्हटल्यावर मी त्याच दिवशी दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा भरून खाली दिला. वरण, भात, भोपळ्याची भाजी, लिंबाची फोड. संध्याकाळी त्यांनी डबा परत आणला, घासून लख्ख, आणि रिकामा. मी घेतला, पण माझं तोंड उतरलं असणार. ते काही केल्या जाईनात. "तक्रार आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "दुसरी बाजू?" मग मी धीर करून सांगितलं की आमच्याकडे शेजारच्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. दोन दाणे साखर का असेना, काहीतरी घालतात.

त्यांनी हे फार गंभीरपणे ऐकलं. "ही रीत आहे की कायदा?" 

मी म्हटलं, "मला फरक माहीत नाही."

"नोंद केली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डबा आला तेव्हा आत एक घडी केलेला कागद होता. त्यांच्या घरात साखर नव्हती, बिस्किटं संपली होती, म्हणून त्यांनी जे होतं ते घातलं. ते त्यांच्या पणजोबांवर पुस्तक लिहीत होते, त्याचं पहिलं पान. तेव्हापासून जवळजवळ रोज डब्यातून एक पान यायला लागलं.

मला इंग्रजी वाचता येत नाही. ती पानं मला वैशालीने वाचून दाखवली. वैशाली पुण्याची, अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास म्हणून ऑफिसांचा भाग आहे तिथे कसल्याशा बँकेच्या कॉम्प्युटरचं काम करते आणि राहते आमच्या दोन ट्राम थांबे पुढे. संध्याकाळी डबा घ्यायला यायची आणि बऱ्याचदा माझ्याच टेबलाशी बसून जेवायची. पहिलं पान वाचून म्हणाली, "काकू, हे सॉलिड आहे. ओटीटीवर बघण्यापेक्षा हेच बरं." मग आमचा नेमच झाला. ती जेवता जेवता वाचायची, मी उद्याची भाजी निवडायची.

असे मला एमॉस पणजोबा कळले. जज्जसाहेबांना नाही, त्यांच्या पणजोबांना मी आधी ओळखायला लागले म्हटलं तरी चालेल. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका नदीकाठच्या गावात ते वाढले. शाळा चार हिवाळे, कारण उन्हाळ्यात शेतावर काम. हे वाचलं तेव्हा मी वैशालीला म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. चार हिवाळे. पुढे ते पिठाच्या पाणचक्कीवर पोती उचलायला लागले आणि दळण होईपर्यंत उसन्या आणलेल्या पुस्तकातून कायदा शिकले. गिरणीमालकाला पोरगा हुशार वाटला. त्याने घोड्याला आणि पुस्तकांना पैसे दिले. वकील झाले तरी त्यांच्या हातच्या कागदांत ओळीला दोन चुका, असं जज्जसाहेबांनी लिहिलं होतं.

तेव्हा कोर्ट एका जागी बसायचं नाही. न्यायाधीश आणि वकील मिळून घोड्यांवरून गावोगाव जायचे. दिवसभर कोर्टात एकमेकांवर ओरडायचे आणि संध्याकाळी खाणावळीत जागा नसली की तेच दोन वकील एका खाटेवर झोपायचे.

"आमच्या ऑफिसच्या ऑफसाइट ट्रिपसारखंच," वैशाली म्हणाली.

आणि न्यायाधीशाला लोक मतं देऊन निवडायचे, हे ऐकून यजमान म्हणाले, "मग न्याय कसला, ती ग्रामपंचायत झाली." हे मी जज्जसाहेबांना सांगितलं. त्यांनी खिशातून छोटी वही काढून ते खरोखर लिहून घेतलं.

निकाल त्याच दिवशी द्यायचा नाही, हा नियमही पणजोबांचा. ऐकल्या ऐकल्या बोलतो तो माणसाचा राग, असं ते म्हणायचे म्हणे. जज्जसाहेबांचे वडील वकील होते, त्यांनी हे जज्जसाहेबांना सांगितलं. जज्जसाहेबांनी आपल्या सगळ्या नोकरीत तो पाळला. वाण्याकडे दोन प्रकारचे टोमॅटो असले तर कुठले घ्यायचे तेही दुसऱ्या दिवशी ठरवायचे. मी स्वतः बघितलं आहे.

मग आमच्यावर वेळ आली. यजमानांचं हॉटेल एकाएकी बंद पडलं. मालकांनी गाशा गुंडाळला. इथला नियम असा की स्वयंपाक्याचा परवाना नोकरीवर असतो. तीन महिन्यांत दुसरं काम मिळालं नाही तर देश सोडायचा. हातातले पैसे मुलीच्या फीला नुकतेच पाठवले होते. घरभाडं डोक्यावर. मी कुणाला काही बोलले नाही. मला मागता येत नाही, कधीच आलं नाही.

एक दिवस जज्जसाहेब डबा परत द्यायला आले आणि म्हणाले, "आठ दिवस बटाटा."

मी म्हटलं, "बटाटा चांगला असतो."

"दुसरी बाजू?"

मी दाराला धरून रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. ते तसेच उभे राहिले, समजावलं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. माझं रडणं थांबलं तेव्हा घड्याळात बघून म्हणाले, "उद्या अकरा वाजता. दोघं या."

अकरा वाजता टेबलावर चोवीसशे युरो होते आणि दोन प्रतींत टाइप केलेला कागद. व्याज नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमेल तेवढे आणून द्यायचे, हातात. डब्याचा या कर्जाशी काही संबंध नाही, असं पाचवं कलमही होतं. खाली आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या.

जिना चढताना यजमान म्हणाले, "इतके महिने तुझ्या हातचं जेवला, आणि आज सह्या घेतो. आपल्याकडे शेजारी असं करेल का?"

मी त्यांना गप्प केलं, पण मलाही ते लागलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा दारात ठेवून मी न भेटताच वर आले.

त्या संध्याकाळी डब्यात नेहमीपेक्षा मोठं पान होतं. पणजोबा पहिल्यांदा न्यायाधीश म्हणून निवडून आले तेव्हाचं. त्यांच्यासमोर आलेला पहिला मोठा दावा एका धोबिणीचा. गुलामीतून सुटलेली काळी बाई. तिने दोन वर्षं गिरणीवरच्या माणसांचे कपडे धुतले, भाकऱ्या भाजल्या, आणि मालकाने मजुरी दिली नाही. मालक तोच, ज्याने पणजोबांना घोड्याला पैसे दिले होते. त्यातले निम्मे फेडायचे राहिले होते.

पणजोबांनी दावा पुढच्या बैठकीवर ढकलला. गावाला वाटलं, घाबरले. त्यांनी घोडा विकला, निम्मी पुस्तकं विकली, मालकाच्या घरी जाऊन पै न् पै दिली आणि पावती घेतली. मग चालत कोर्टात आले आणि खुर्चीवर बसले. निकाल धोबिणीच्या बाजूने दिला. पुढच्या निवडणुकीत मालकाच्या माणसांनी त्यांना पाडलं. चार वर्षं ते या गावाहून त्या गावाला पायी जाऊन वकिली करत होते. मग त्याच लोकांनी त्यांना परत निवडून दिलं.

वैशालीने खाणं थांबवलं होतं. "काकू, खाली पेनने काहीतरी लिहिलंय. बापरे, डॉक्टरचं अक्षर परवडलं." जज्जसाहेब नेहमी टाइप का करायचे ते आम्हाला तेव्हा कळलं. तिने बराच वेळ लावून वाचलं. "मिसेस पवार, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून कागद केलेला नाही. कागद असला की देणं कागदावर राहतं. ते तुम्हाला चेहऱ्यावर घेऊन फिरावं लागत नाही."

मी दुसऱ्या दिवशी डबा हातात दिला आणि विचारलं, "तुम्ही पायी फिरता ते गुडघ्यांमुळे की घोड्यामुळे?"

"दोन्ही," ते म्हणाले.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला यजमानांना हूफडॉर्प नावाच्या दुसऱ्या गावातल्या हॉटेलात काम मिळालं. परवाना राहिला. मी शंभर-शंभर करून फेडायला लागले. पण माझा स्वभाव. मी डब्यात एक पुरणपोळी जास्त घालायला लागले, मग कोथिंबीर वडी, मग शुक्रवारची खीर. चौथ्या आठवड्यात त्यांनी डबा हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "कर्ज घेतल्यापासून डबा जड झाला आहे."

मी खाली बघितलं.

"कलम पाच," ते म्हणाले. "जुना डबा पाठवा. खीर मात्र चालू ठेवायला माझी हरकत नाही, ती कर्जाच्या आधीही दोनदा आली होती."

असं सव्वा वर्ष गेलं. दर पहिल्या शनिवारी मी खाली जायची, ते नोटा मोजायचे, दोन्ही प्रतींवर आकडा लिहायचे, आणि मग आम्ही चहा प्यायचो. मग एकाएकी पानं येणं बंद झालं. डब्यात एक सफरचंद यायचं, कधी लिंबू, एकदा तर टपालाचं तिकीट. मी विचारलं, पुस्तक संपलं का?

"शेवटचं प्रकरण अडलं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. ही पानं सुरुवातीपासून ऐकलेल्या तुम्हीच आहात."

"विचारा ना."

"आता नाही. तुम्ही माझं देणं लागता. तुमचं मत मला आता घेता येणार नाही."

मला हसू आलं आणि थोडा रागही. नऊशे युरो राहिले होते. म्हणजे नऊ महिने. त्यांना मात्र घाई दिसत नव्हती.

तीन हप्ते गेले आणि ते समुद्राकडच्या रस्त्यावर पडले. मांडीचं हाड गेलं. दवाखान्यातून त्यांना घरी आणलंच नाही, वृद्धांच्या एका घरात खोली मिळाली. रियाबाई भेटून आल्या आणि जिन्यात मला म्हणाल्या की हाड जुळेल, पण हृदय फार थकलं आहे, डॉक्टर महिन्यांच्या गोष्टी करत नाहीत. मी वर आले आणि कागद काढून बसले. सहाशे. माझ्या चालीने सहा महिने.

यजमान म्हणाले, "त्यांना सांग ना, प्रश्न आधी विचारा. आजारी माणूस आहे, ऐकतील."

मी म्हटलं, "ऐकणार नाहीत. आणि ऐकलं तर त्यांना ते पचणार नाही."

वैशाली म्हणाली, "काकू, सहाशे मी देते आज. तुम्ही मला सावकाश द्या."

"मग मी तुझी देणेकरी होईन. त्यांना ते कळलं की प्रश्न परत लांबेल."

ती हसली. पण दिवाळी तीन आठवड्यांवर होती. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या सगळ्या मराठी लोकांना मेसेज पाठवला, मग त्यांनी हूफडॉर्पच्या लोकांना, आणि माझ्या फोनवर फराळाच्या ऑर्डरी यायला लागल्या. चिवडा, चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. यजमान कामावरून येऊन सोऱ्या दाबायला बसायचे. "हॉटेलात हेड कुक, घरी चकली दाबणारा," म्हणायचे, पण दाबायचे. सोमवारी आणि गुरुवारी तळण नाही हे मी तेव्हाही पाळलं. एका गुरुवारी रियाबाईंनी दार वाजवलं आणि सांगितलं की दिवाळीपर्यंत त्या कपडे आतच वाळवतील. आणि दोन किलो चिवड्याची ऑर्डर दिली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी आणि वैशाली ट्रामने गेलो. त्यांची खोली तळमजल्यावर, खिडकी रस्त्याकडे. ते पलंगावर टेकून बसले होते. तोच स्वेटर, आता दोन माप मोठा झालेला. मी डबा टेबलावर ठेवला. खालच्या कप्प्यात वरणभात, वरच्या कप्प्यात नोटा.

त्यांनी वरचा कप्पा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मग बोट ओलं करून एक एक नोट मोजली. मध्ये चुकले आणि पहिल्यापासून मोजायला लागले. वैशाली पुढे झाली, मी तिला हाताने थांबवलं.

"सहाशे," ते म्हणाले. नोटा उशाशी ठेवल्या. "आता प्रश्न."

तो वैशालीने मला नीट सांगितला. म्हातारपणी पणजोबा तिसऱ्यांदा न्यायाधीश झाले. तेव्हा एका शेतमजुरावर घोडा चोरल्याचा आरोप होता. त्याचा एक साक्षीदार दुसऱ्या गावाहून यायचा होता, सोमवारी आला असता. पण तो शनिवार होता आणि रविवारी पणजोबांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना घरी पोचायचं होतं. त्यांनी त्याच दिवशी निकाल दिला, सक्तमजुरी. तो माणूस तुरुंगात न्यूमोनियाने गेला. नंतर घोडा सापडला, चोर दुसराच निघाला.

"निकाल उद्या हा नियम त्यानंतरचा आहे," जज्जसाहेब म्हणाले. "आमच्या घरात सांगतात की तो त्यांनी पहिल्यापासून पाळला. माझ्या वडिलांनी मला तेच सांगितलं. मी तसंच मानून तीस वर्षं खुर्चीवर बसलो. जुन्या कागदांत मला हे सापडलं. घरातलं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. मी लिहिलं नाही तर कुणाला कधी कळणार नाही. लिहू का?"

त्यांनी इतक्या आशेने माझ्याकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"निकाल उद्या," मी म्हटलं.

ते हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला आणि नर्स डोकावून गेली.

रविवारी मी एकटीच गेले. ट्राममध्ये इंग्रजी शब्द जुळवत होते, पण तिथे पोचल्यावर जे आलं ते बोलले. मी माझा उजवा हात पुढे केला. मनगटाजवळ भाजल्याचा जुना डाग आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी घाईत उकळतं तेल उतरवायला गेले तेव्हाचा. मी म्हटलं, मुलीला मी आधी हा डाग दाखवला आणि मग सांगितलं की तापलेली कढई हलवायची नाही. नुसतं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, आईचा हट्ट आहे. तुमच्या पणजोबांचा नियम चांगला आहे. पण डागाशिवाय तो अर्धाच आहे. आणि त्या मजुराचं नाव दुसऱ्या कुठल्या पुस्तकात येणार आहे? लिहा.

"दुसरी बाजू?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक होता.

मी तीही विचार करून ठेवली होती. "दुसरी बाजू अशी की एका मुलीच्या लग्नाच्या दिवसाला कायमचा डाग लागेल. तिचा काही दोष नव्हता."

"आणि तरी?"

"तरी लिहा."

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं. मग म्हणाले, "नोंद केली."

मी उठले आणि डबा आवरायला लागले तर त्यांनी त्यावर हात ठेवला. "हा आज राहू दे. रिकामा देता येत नाही, आणि आत घालायला अजून काही तयार नाही."

बाहेर ट्रामच्या थांब्यावर उभं राहिलं की त्यांची खिडकी दिसायची. दिवा लावला होता. मला वाटलं हात करतील, म्हणून मी बघत राहिले. त्यांनी वर बघितलंच नाही. पलंगावरचं छोटं टेबल पुढे ओढून, चाकूने पेन्सिलीला टोक काढत होते. शेजारी कप ठेवला होता, सालींसाठी. ट्राम आली आणि मी चढले.

अकरा दिवसांनी रियाबाईंनी दार वाजवलं. त्या काही बोलण्याआधीच मला कळलं. आम्ही दोघी जिन्यातच बसलो, जज्जसाहेबांनी खुर्ची ठेवली होती तिथल्या पायरीवर.

डबा पुढच्या आठवड्यात आला. त्यांच्या बायकोच्या भाचीने आणून दिला. घासलेला होता, नर्सने घासला असेल, पण झाकण लावलेलं होतं आणि हलवल्यावर आत आवाज आला. मी वैशाली येईपर्यंत उघडला नाही.

खालच्या कप्प्यात पेन्सिलीने लिहिलेली चार पानं होती. टाइप करायला त्यांना जमलं नसणार. ती वाचायला वैशालीला दोन संध्याकाळी लागल्या. मजुराचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

वरच्या कप्प्यात आमचा कर्जाचा कागद होता, त्यांची प्रत. माझे सगळे हप्ते एकाखाली एक, शंभर, शंभर, शंभर, आणि शेवटी सहाशे. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ. खाली त्यांच्या हाताने दोन ओळी होत्या. अक्षर इतकं वाईट, माझ्याहूनही वाईट, की वैशालीने कागद खिडकीपाशी नेला. मग एक एक शब्द लावून तिने मला वाचून दाखवलं.

मिसेस पवार यांच्याकडून चोवीसशे युरो पूर्ण मिळाले. आता कुणाचं कुणाकडे काही राहिलेलं नाही.